हरिपूर रस्त्यावरच्या सायकलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. कुणी सांगलीकर तुम्हाला वाचून दाखवेलच.

बदली होऊन सांगलीत आले त्याला तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. रविवारी सकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासून सायकल काढली. ठरवलं एवढंच होतं की पाणी जाईल तिकडं जायचं. गणपती मंदिराजवळ घाटावर थोडी रेंगाळले, मग हरिपूरच्या रस्त्याला लागले. मान वर करून जुन्या चिंचा बघत चालले होते, रस्त्यावरचा काटा कुठून दिसणार? मागचं चाक बसलं.

तुम्ही ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवलीत, बुडबुडे आले तिथं नख रुतवलंत, घासून, सोल्युशन लावून ठिगळ बसवलंत. दुसरं भोक निघालं, तेही बुजवलंत. मी पाकीट काढलं तर म्हणालात, "थांबा की ताई, गडबड काय हाय?" आणि रिकाम्या टायरच्या आतून बोट फिरवायला लागलात. सावकाश, पूर्ण चक्कर. अर्ध्यावर बोट अडकलं. बाभळीचा काटा, टोक तेवढं आत आलेलं, बाहेरून दिसतही नव्हता. "ह्यो तसाच ठेवला असता तर संगमापत्तूर बी पोचला नसता." आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्यानं असं बोट कधी फिरवलं नव्हतं. दर आठवड्याला तेच चाक बसायचं आणि मी ट्यूबला शिव्या घालायचे.

दोन्ही पंक्चरचे पैसे तुम्ही रीतसर घेतलेत, ते बरं झालं. तो हिशेब मिटला. राहिलाय तो गप्पांचा.

"कुठनं आलाय?" या प्रश्नाला मी लातूर म्हणाले, तर तुम्ही हसलात. "मग आमचं पाणी प्यायलाय की तुम्ही!"

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. मी तेव्हा शाळेत. टँकरपुढच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिलेय, पण त्या पाण्याला नदी असेल हे कधी डोक्यात आलं नाही. आमच्या लेखी ते 'मिरजेचं पाणी', जसा काही मिरज नावाचा नळच असावा. ज्या नदीच्या कडेनं सकाळपासून फिरत होते तीच ही, हे तुम्ही सांगेपर्यंत मला सुचलं नव्हतं.

मग तुम्ही फुटांचं सांगितलंत. पावसाळ्यात इथं माणसं भेटली की 'आयर्विनला किती फूट?' एवढंच विचारतात. ४० झाले की सामान वर, ४५ म्हणजे धोका. २०१९ साली पाणी साडेसत्तावन्नावर गेलं. टपरी कुठपर्यंत बुडाली विचारल्यावर तुम्ही हातसुद्धा उचलला नाहीत, नुसती नजर समोरच्या चिंचेच्या फांदीकडं नेलीत. आमच्याकडं पाणी लिटरात मोजतात काका, तुमच्याकडं फुटात.

पुढे हरिपुरात जाऊन पेवं बघायला तुम्हीच सांगितलंत, नाहीतर त्या मोकळ्या जागेवरून मी खुशाल सायकल दामटली असती. जमिनीच्या पोटात हळद साठवायचे आणि ती वर्षानुवर्षं किडायची नाही, हे ऐकून खरं वाटेना. २००५ च्या पुरात पाणी त्या पेवांतही शिरलं. तिथल्या एका आजींना विचारलं तर "हळद गेली" एवढंच म्हणाल्या आणि सूप पाखडत राहिल्या.

संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसून वारणा कृष्णेला मिळताना बघितली. तुम्ही रोज बघता, तुम्हाला काय सांगायचं. ओंजळीत पाणी घेतलं, पण प्यायले नाही. "ते दिवस गेले आता," असं तुम्हीच बजावलं होतंत.

मागचा टायर फार दिवस टिकायचा नाही म्हणाला होतात. गेले दोन रविवार टपरी बंद दिसली. या रविवारी उघडी असेल तर टायर घेऊनच येते, आणि या खेपेला आतून बोट मी फिरवणार.

तुमची,
लातूरची सायकलवाली