दोरीचा साबण

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीला येणं होत नाहीये. फोनवर सांगायला गेलं की आई "असू दे गं" म्हणते आणि पुढचं मला बोलवत नाही, म्हणून लिहितेय. भाद्रपदात तिकडे होते त्या आठ दिवसांत रजा खर्च झाली. खर्च हा शब्द चुकला. बाबा, ते दिवस मला हवेच होते. तुम्ही पडलात म्हणून मिळाले, एवढंच वाईट.

न्हाणीत हातातून वडी सुटली आणि ती घ्यायला तुम्ही वाकलात, एवढंच तर झालं. म्हणून मी ठरवून टाकलंय, त्यावर आता चर्चा नको. यापुढे आपल्याकडे दोरीचा साबण. खुंटीला टांगायचा, स्टुलावर बसून हात पोचेल इतक्या उंचीवर. सहा वड्या मी इथे केल्या, त्या बंडूबरोबर पाठवतेय. पहिल्या दोन वाकड्या झाल्यात, त्या आधी वापरा.

सोबत एक किलो ग्लिसरीन सोप बेस आणि सिलिकॉनचा साचा आहे, कारण आई "मलाही शिकव" म्हणाली होती. बाबा, तुम्ही कॉस्टिक सोडा आणायला निघू नका. कॉस्टिकने खाल्लेल्या त्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याबद्दल मी काही बोलत नाही. बेसमध्ये तेल आणि कॉस्टिकचं भांडण आधीच मिटलेलं असतं, आपण फक्त वितळवायचं आणि ओतायचं. साबण बनताना आपोआप ग्लिसरीन तयार होतं. मोठे कारखाने ते बरेचदा काढून वेगळं विकतात, यात मात्र ते भरपूर असतं. आईच्या पोटऱ्यांना थंडीत खाज येते, तिथे बरं वाटेल. मलम चालूच ठेव हं, साबण म्हणजे औषध नव्हे.

आई, आता नीट वाच. अर्ध्या किलोचे सुपारीएवढे तुकडे कर. मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यावर दुसरं पातेलं, थेट गॅसवर नाही. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास वितळतो. उकळू द्यायचा नाही, पाणी उडून वडी चिवट होते. ढवळायचं हलक्या हाताने, ताक घुसळल्यासारखं नको, नाहीतर फेस होतो. तुझ्या वड्यांत वास घालूच नकोस, खाजेवर चुरचुरेल. बाबांच्या वेगळ्या कर, त्यांत अर्ध्या किलोला ५ मिली वाळ्याचं तेल. "अजून थोडं" हा तुझा आमटीतला हात इथे चालणार नाही. साय, कोरफडीचा ताजा गर, अंगणातली तुळस, काही नको. चार दिवसांत कुबट वास येतो. हळद तर नकोच, पंचे पिवळे होतील.

पातेलं खाली उतरवलं की जरा थांब, वर पातळ साय धरू लागली की ओत. वडी टांगायच्या नाडीची गाठ ओतलेल्या साबणात बुडली पाहिजे. वर बुडबुडे आले तर स्पिरिटचा एक फवारा, पण गॅस बंद करून. मग पाच-सहा तास हात लावायचा नाही, फ्रीजमध्येही ठेवायचा नाही. आपल्या दमट हवेत वडीला घाम फुटेल, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. बिघडली म्हणून टाकू नकोस. पुसून प्लॅस्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळ. गरम पातेलं बाबा उचलणार नाहीत.

बाबा, आठवतं? पहाटेच्या अंघोळीला पाटावर बसले की मी पारदर्शक वडी समईपुढे धरून ज्योत बघत बसायचे. पाणी निवून जायचं. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत, नुसता घंगाळात आणखी तांब्याभर कढत ओतायचात. इथे पहिली वडी साच्यातून काढली तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन तेच केलं.

सोमवारी मिस्त्री येईल, न्हाणीत दोन दांडे बसवायला. पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नका. इस्पितळासारखं दिसेल असं आई म्हणेल. पंचा वाळत घालायला होतात गं.

आणि कारीट. यंदा एका पायावर उभं राहून अंगठ्याने फोडायचं नाही. स्टुलावर बसून फोडा. बंडूला व्हिडिओ काढून पाठवायला सांगितलंय.

तुमची,
बाय