आमच्या पोरांना हायवेवरून खाली उतरवा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आमचं गाव बालाघाटाच्या डोंगररांगेच्या माथ्यावर. रोज पहाटे पाचला मी पळायला निघते आणि गावातली, वाड्या-वस्त्यांवरची भरतीची पोरं-पोरी माझ्यासोबत असतात. पळायला सुंदर म्हणाव्या अशा वाटा आमच्या उंबऱ्याशी आहेत, तरी मराठवाड्यातली पोरं हायवेवर पळतात आणि गाड्यांखाली जातात. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

जानेवारी २०२५ मध्ये बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ सकाळी सराव करणारे तीन तरुण बसखाली सापडून गेले. पोलीस भरतीची तयारी करत होते. आपणही ती बातमी वाचली असेल. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चार पोरं कमी आली. आईबापांनी पाठवलीच नाहीत. पंधरा दिवस गेले आणि तीच पोरं पुन्हा हायवेला दिसली. मी रागावले, तर एक जण म्हणाला, "मॅडम, पांदीत सोळाशेचं टायमिंग कसं काढू? तिथं किलोमीटरचा दगड कुठंय?"

त्या उत्तराचा मी खूप दिवस विचार केला. पोरांना डांबराची हौस नाही. पोलीस भरतीच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, आणि तिथे एकेका सेकंदावर गुण ठरतात. अंतर मोजलेलं असल्याशिवाय सराव कसा करणार? हायवेला दगड आहेत, ढाब्याचा उजेड आहे, पायाखाली काय आहे ते दिसतं. पांदीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेवर, काळोख, काटे आणि साप. मग पोरं हायवेला जातात, आणि आपण त्यांना बेफिकीर म्हणतो.

मुलींचं तर याहून अवघड. माझ्याकडे एक मुलगी येते, तिचे वडील दर मोसमात ऊसतोडीला जातात. गावी असले की पहाटे मोटारसायकलचा लाइट लावून तिच्या मागून हळूहळू येतात, पहिल्या गिअरवर. पोरीची लांबच लांब सावली तिच्या पुढे पळत असते आणि ती त्या सावलीवर पाय टाकत पळते. वडील फडावर गेले की तिचा सराव बंद. पुढचे पाच-सहा महिने ती घराच्या ओट्यावर चढउतार करते. पोरगी चिवट आहे, पण ओट्यावर आठशे मीटर होत नाहीत.

मी स्वतः पळायला शिकले ती मात्र समुद्राकाठी. डी.एड. झाल्यावर पहिली नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात झाली, मराठवाड्यातल्या कितीतरी शिक्षकांची होते तशी. सुट्टीच्या सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जायचे. ओहोटी लागली की ओली वाळू पायाखाली घट्ट बसते, पाऊल रुतत नाही आणि गुडघ्याला हिसकाही बसत नाही. पाणी वर चढलं की सुरूच्या बनात शिरायचं, तिथे वाळक्या पाल्याची गादी असते. आरे-वारेच्या रस्त्याला तर चढ कधी संपला ते कळायचंच नाही. एका अंगाला डोंगर, खाली समुद्र, आणि माथ्यावर आलं की वाऱ्याने घाम जागच्या जागी वाळायचा. अशी वाट पळणाऱ्याला आपणहून पुढे ओढते, हे मला तिथे समजलं. डोळ्यांना काही मिळत असलं की पाय तक्रार करत नाहीत.

नऊ वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने गावी आले. समुद्र सुटल्याचं वाईट वाटलं होतं, पण ते चार दिवसच. गावामागे पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळात झालेला. माझी आजी त्या कामावर माती वाहायला होती, सुकडी खाऊन. तलावाच्या भिंतीवरून मुरमाची वाट निघते ती माळावरून थेट डोंगराच्या कडेला जाते, जिथे बालाघाट एकदम खाली तुटतो. पावसाळ्यानंतर दोन्ही अंगांना तरवड पिवळाधमक फुललेला असतो. पुढे सीताफळीची रानं. मोराचा आवाज रोज असतो. नायगावचं मयूर अभयारण्य आमच्याच तालुक्यात. तांबडं फुटायच्या वेळी कड्यावर पोहोचलं तर खालच्या गावांवर धुकं साचलेलं असतं आणि त्यातून फक्त देवळांचे कळस वर आलेले दिसतात. पोरं तिथे दोन मिनिटं गप्प उभी राहतात. एरवी ती वर्गातही गप्प नसतात.

असं फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. सौताड्याचा धबधबा आणि त्याची दरी आहे, अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणारा डोंगर आहे, खुलताबादहून म्हैसमाळला चढणारा घाट आहे, तिकडे माहूरचे डोंगर आहेत. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात पळायला देशभरातून माणसं येतात, आणि चांगलंच आहे ते. पण मराठवाडा म्हटलं की दुष्काळ, टँकर, मोर्चे एवढंच डोळ्यांपुढे येतं. इथे डोंगर आहेत हेच बाहेर कोणाला ठाऊक नसतं, आणि आता आम्हालाही त्याचा विसर पडत चालला आहे.

ज्यांच्याकडे डोंगर नाही त्या गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, गावांकडे कालवा आहे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. पैठणपासून एक परभणीकडे जातो, दुसरा माजलगावकडे. दोन्हींच्या कडेने खात्याच्या जीपसाठी केलेली वाट आहे. सपाट, मातीची, कडेला झाडं, शेजारी वाहतं पाणी. बरीचशी खचली आहे, कुठे बाभळीने गिळली आहे, कुठे शेतात गेली आहे. तरी यातला निम्मा भाग जरी पायांसाठी मोकळा झाला, तरी शेकडो गावांना घराजवळ पळायची वाट मिळेल, तीही नवीन जमीन न घेता. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, भिंतीवर जायला बंदी आहे, ती असावीच. मी फक्त कालव्याच्या काठाबद्दल बोलते आहे.

आपण म्हणाल, तालुका क्रीडा संकुलं आहेत की. आहेत, आणि जिथे चांगली चालतात तिथे पोरांना मोठा आधार आहे. पण आमच्या वस्तीवरून तालुक्याला पहाटे गाडी नाही. मी पाहिलेल्या एका संकुलाच्या ट्रॅकवर पावसाळ्यात गुडघाभर गवत होतं आणि फाटकाला कुलूप होतं. चाळीस किलोमीटरवरचा ट्रॅक गावच्या पोराच्या काय कामाचा?

धावपटू अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, आमच्या शेजारचे. आईवडील वीटभट्टीवर कामाला, शाळा सहा किलोमीटरवर, गाडी नाही म्हणून पायी आणि पळत. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या असतात. त्या शर्यतीत २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदाने. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. त्यांचा सत्कार आपण सगळ्यांनी केला. त्यांचे पाय ज्या वाटेवर घडले, तशा वाटेकडे मात्र कोणी पाहिलं नाही.

आता मागणी सांगते. प्रत्येक तालुक्यात निदान एक धाववाट ठरवा, चार-पाच किलोमीटरची, आधीपासून असलेल्या पांदीची, तलावाच्या भिंतीची किंवा कालव्याच्या काठाची. जलसंपदा, वन आणि महसूल या तिन्ही खात्यांचा एकत्र आदेश काढा, नाहीतर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि कागद फिरत राहतो. वर्षाला एकदा पावसाळ्यानंतर मुरूम टाकून रोलर फिरवायचा, रोजगार हमीतून ते काम गावातच होईल. दर चारशे मीटरला दगड, सोळाशेच्या दगडाला वेगळा रंग. सुरुवातीला आणि वळणावर सौर दिवा. पहाटे पाच ते साडेसात वाळूचे-मुरमाचे ट्रॅक्टर त्या वाटेवर नकोत.

आणि एक हात जोडून विनंती. त्यावर सिमेंट ओतू नका. पांदण रस्त्याला निधी आला की काँक्रीटचा आग्रह धरला जातो, कारण ते फोटोत दिसतं. शेतमालासाठी पक्का रस्ता हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण कडक रस्त्यावर रोज पळून पोरांच्या नडग्या दुखायला लागतात, आणि ग्राउंडच्या तोंडावर पोरगं लंगडत येतं. दर वर्षी माझ्याकडे असं एक-दोघांचं होतं. पळायला मुरूमच चांगला.

वाट ठरवताना गावातल्या मुलींना आधी विचारा. कुठून किती वाजता भीती वाटते हे त्या नेमकं सांगतील. आमच्या मुलींनी मला सांगितलं तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते दोनच जागांवर: ओढ्याकाठचं वळण आणि बंद पडलेली पिठाची गिरणी. तिथे दोन दिवे लागले तर वडिलांची मोटारसायकल लागणार नाही.

आमच्या तलावाच्या वाटेची मोजणी आम्ही करून ठेवली आहे. सातवीच्या मुलांनी शाळेची तीस मीटरची टेप धरून दोन रविवार घालवले. भिंतीच्या टोकापासून माळावरच्या एकट्या कडुलिंबापर्यंत आठशे मीटर भरतात, जाऊन येऊन सोळाशे. दर चारशे मीटरला दगडावर चुना मारला आहे. पाऊस आला की तो धुवून जातो, आणि पोरं पुन्हा मारतात. पक्के दगड रोवायला आपला माणूस आला तर त्याला जागा शोधायला लागणार नाहीत. पहाटे पाचला आम्ही भिंतीवर असतो.

आपली नम्र,
एक जिल्हा परिषद शिक्षिका
तालुका पाटोदा, जिल्हा बीड