ब्राइटनेसच्या दोन कळांसाठी, ताई, मनापासून आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

काल रात्री उशिरापर्यंत काम करत बसले होते. डोळे चुरचुरायला लागले तशी एफएन धरून एफ५ दाबली आणि पडदा मंद झाला. हे पत्र लिहायचं कधीपासून मनात होतं, ते लगेच लिहायला घेतलं.

लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्यापासून आवाजाच्या कळा चालायच्या, ब्राइटनेसच्या दोन मात्र ढिम्म. मला अर्धशिशीचा त्रास आहे. झगझगीत पडद्यासमोर दोन तास बसलं की दुसरा दिवस गेलाच. म्हणून लॅपटॉप सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या बूटच्या ओळीत एसीपीआय बॅकलाइटचे, म्हणजे पडद्यामागचा उजेड कोणी सांभाळायचा याचे, पर्याय एकामागून एक घालत होते: व्हेंडर, व्हिडिओ, नेटिव्ह. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

तुम्ही ते सगळं काढायला लावलंत आणि एवढंच विचारलंत, "कळ दाबलीस की ती पोचते कुठपर्यंत?"

आधी सिस फोल्डरातल्या ब्राइटनेसच्या फाइलीत रूट होऊन, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, एक लहान आकडा लिहायला सांगितलात. पडदा लगेच मंद झाला. म्हणजे बॅकलाइट ठणठणीत होता, तीन आठवडे मी भलतीकडेच शोधत होते. मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, नोंदींचा लॉग चालू ठेवून कळ दाबली. 'अननोन की प्रेस्ड', म्हणजे अनोळखी कळ दाबली, आणि पुढे स्कॅनकोड, त्या कळेचा आकडा! बऱ्याच लॅपटॉपांत एफएनचं काम आतला कंट्रोलरच उरकतो, कर्नलकडे फक्त तयार कोड येतो, हे तुम्ही तेव्हा समजावलंत. "कळ दारापर्यंत येतेय, पण तिला नावाने कोणी ओळखत नाही."

सेटकीकोड्स या आज्ञेने त्या कोडला नाव देता येतं, पण रीस्टार्ट केलं की ते पुसलं जातं. म्हणून तुम्ही यूडेव्ह या उपकरणं सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या एचडब्ल्यूडीबीत, म्हणजे हार्डवेअरच्या डेटाबेसात, फाइल करायला लावलीत. डेटाबेस अपडेट केला, तो लागू व्हावा म्हणून ट्रिगर दिला, तरी काही नाही. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही फोनवर फाइल अक्षर न् अक्षर वाचून घेतलीत. स्कॅनकोडच्या ओळीआधी एक मोकळी जागा सोडावी लागते, तीच राहिली होती. एक स्पेस! एवढ्या रात्री न कंटाळता ती तुम्ही शोधलीत, हे मी विसरणार नाही.

परवा भावाच्या लॅपटॉपवरची माइक बंद करायची कळ चालेना. मी आधी लॉग उघडला.

तुमची,
एक ऋणी मैत्रीण