फोन कुणाच्या उशाशी असतो, हे विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,

पाडवा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतल्या आणि माझ्या धाकट्या जावेचा उपचारही झाला. गर्भाशयाच्या तोंडाशी जो भाग बदललेला दिसला, तेवढाच शेकून काढला. भूल नाही, टाका नाही. बाहेर आली ती स्टँडवरच्या रसवंतीत जाऊन बसली. सहा महिने ऊस तोडून आलेल्या बाईला रस प्यावासा कसा वाटतो, देव जाणे! पिशवी शाबूत आहे तिची. बीड जिल्ह्यात राहून हे वाक्य लिहिताना काय वाटतं, ते तुम्हाला कळेल.

तिला विचारूनच हे लिहितेय. तिचं नाव, गावाचं नाव आणि तुमचंही नाव लिहीत नाही.

याआधी ती एका खासगी डॉक्टरकडे गेली होती. अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, एवढीच तक्रार. त्यांनी सोनोग्राफी केली आणि सांगून टाकलं, "पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, काढून मोकळी हो." मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेल्या उचलीतले पैसे बाजूला काढायचंही घरात ठरलं होतं. २०१९ साली आमच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी सगळीकडे झाली, समिती आली, अहवाल झाला. पण कॅन्सर म्हटलं की बाई घाबरते आणि घाबरलेली बाई पैसे मोजते, हे ज्यांना कळलंय त्यांची दुकानं चालूच आहेत.

तुम्हीही या कॅन्सरच्या तपासणीसाठी ॲप बनवता, तरी ॲपवाल्यांबद्दल बोलते, राग मानू नका. मी आशा कार्यकर्ती, माझ्या फोनमध्ये ॲपच ॲप. तुमच्या आधी एक पथक आलं होतं. हॉटेलात ट्रेनिंग, जेवण, हातात एक पिशवी, फोटो. त्यांच्या ॲपला रेंज नसली की फॉर्म पुढे सरकत नसे, आणि ओटीपी जायचा नवऱ्याच्या फोनवर, नवरा रानात. प्रकल्प संपला, माणसं परत फिरकली नाहीत. आमच्या बायकांनी सांगितलेलं कुठं गेलं, कुणास ठाऊक.

तुम्ही आलात तेव्हा लॅपटॉप उघडलाच नाही. माझ्या ओसरीवर मांडी घालून बसलात आणि विचारलंत, "ताई, रात्री फोन कुणाच्या उशाशी असतो?" बायका आधी हसल्या. मग एकेक बोलू लागली. फोन मालकाचा. फोन पोरगा गेमसाठी घेतो. आमच्यात दोन कोयत्यांत, म्हणजे नवरा-बायकोच्या दोन जोड्यांत, मिळून एकच फोन. तुम्ही वहीत लिहून घेत होतात आणि कुणालाच घाईनं आटपा म्हणत नव्हतात.

मॅडम, तो एक प्रश्न मला बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. पुढच्या खेपेला तुम्ही ॲप आणलंत, त्याच्या नावात कॅन्सर नाही, चित्रात दवाखाना नाही. रेंज नसली तरी माहिती फोनमध्ये थांबते, रेंज आली की जाते. पत्त्याच्या जागी कारखाना, मुकादम आणि परत यायचा महिना. आणि रिपोर्ट काहीही येवो, बाईच्या फोनवर एवढंच: "आशाताईला फोन कर."

ज्या विषाणूमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो, त्या एचपीव्हीच्या तपासणीचा नमुना जावेनं स्वतःच घेतला होता, न्हाणीत जाऊन. रिपोर्ट येईपर्यंत टोळी निघून गेली होती. कोपीत, म्हणजे फडावरच्या खोपटात, तो मेसेज माझ्या दिरानं वाचला आणि तिला म्हणाला, "तुझ्या जावंला फोन लाव म्हणं." त्याला संशय आला नाही, मुकादमाला कळलं नाही. तुम्ही शिकवलं होतं तसंच मी तिला सांगितलं: हा विषाणू आहे, कॅन्सर नाही. कॅन्सर व्हायला त्याला वर्षं लागतात, बऱ्याच जणींचा हा विषाणू आपोआप जातो. पण तपासणी चुकवायची नाही, पाडव्याला आलीस की जाऊ. एक खाडाही पडला नाही तिचा. पुढची धावपळ तुम्ही कशी जमवलीत, ते लिहीत बसत नाही.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, हे तुमच्याकडूनच कळलं. एकदा एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले आणि २००९ साली ते जगापुढं आलं. जगानं आमच्या बायकांकडून शिकून घेतलं, आणि आमच्या बायकांना अजून "पिशवी काढ" हेच ऐकवतात. शिकलेली माणसं खूप भेटतात मॅडम. समोरच्याच्या घरात काय चालतं ते आधी विचारून घेणारी थोडी. अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांना दारोदार फिरायला तोंड राहतं.

आता माझी जाऊच टोळीतल्या बायकांना सांगते. तिच्या भरवशावर यंदा नावं वाढतील, तेव्हा दसऱ्याआधी नवीन ॲप पाठवा. आणि ते बॅटरी फार खातं, तेवढं बघा. कोपीत चार्जिंगला लाईट नसते.

तुमची,
आशाताई