लाल टोपण, केशरी टोपण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक मधुमेह दिनाची, १४ नोव्हेंबरची, आपली पुरवणी वाचली. डॉक्टरांचे दोन लेख, आहारतज्ज्ञांचा एक आणि बिनसाखरेच्या खिरीची कृती. परिचारिका फक्त छायाचित्रात दिसली, रुग्णाच्या बोटाला सुई टोचताना. मी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत काम करून अधिपरिचारिका म्हणूनच निवृत्त झाले. त्यातली बरीचशी वर्षं मधुमेहाच्या ओपीडीत गेली, म्हणून हे पत्र.

एक मामा आठवतात. साठीचे, शेतकरी. इन्सुलिन सुरू होऊन तीन महिने झाले तरी उपाशीपोटीची साखर अडीचशेच्या खाली येईना. दर खेपेला डोस वाढत वाढत ४० युनिटवर गेलेला. केसपेपरवर शेरा : रुग्ण पथ्य पाळत नाही. मी म्हटलं, "मामा, घरी भरता तसं माझ्यासमोर भरून दाखवा." "चाळीस म्हणजे चाळीसच घेतोय की ओ," म्हणत त्यांनी पिशवीतून सिरिंज काढली. टोपण केशरी!

आपल्याकडच्या इन्सुलिनच्या नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. तिची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी असते. तिच्यात ४० च्या रेघेपर्यंत भरलं तरी औषध येतं ०.४ मिलिलिटरच, म्हणजे नेहमीच्या बाटलीतून मामांच्या पोटात जात होते जेमतेम १६ युनिट. गावातल्या मेडिकलवाल्याकडची लाल संपली होती, त्याने "एकच असतं" म्हणून ही दिली होती. मी आधी डॉक्टरांकडे धावले, कारण नुसती सिरिंज बदलून दिली असती आणि मामांनी खरेच ४० घेतले असते, तर साखर एकदम उतरून ते घरीच बेशुद्ध पडले असते. डॉक्टरांनी डोस खाली आणला. पथ्याचा शेरा मात्र केसपेपरवर तसाच राहिला.

या सगळ्याला लागली वीस मिनिटं. आमच्या रजिस्टरमध्ये किती जणांची शुगर तपासली, किती जणांचं बीपी घेतलं याचे रकाने होते. किती जणांना शिकवलं, याचा रकाना नव्हता.

म्हणून मी स्वतःची एक दोनशेपानी वही केली. एकाच जागी टोचून टोचून पोटावर गाठी आलेले किती, इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठवून वाया घालवणारे किती, फ्रिज नसताना ओल्या मडक्यात नीट जपणारे किती, घाम आणि थरथर ही साखर उतरल्याची खूण आहे हे कुणीच न सांगितलेले किती. एकदा धीर करून ती वरिष्ठांना दाखवली. चाळून म्हणाले, "सिस्टर, अक्षर छान आहे तुमचं."

साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात, हे १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या ज्या मोठ्या चाचणीने दाखवलं, तिच्यातल्या १,४४१ रुग्णांना वर्षानुवर्षं शिकवण्यात आणि धरून ठेवण्यात परिचारिकांचा मोठा वाटा होता. अमेरिकेत मधुमेह-शिक्षकांची प्रमाणपत्र परीक्षा १९८६ पासून होते, ब्रिटनमध्ये मधुमेहाची खास परिचारिका हे स्वतंत्र पद आहे. मला मात्र, हात जरा बसला की प्रसूती विभागात, तिथून शस्त्रक्रियागृहात आणि पुन्हा ओपीडीत. नर्स म्हणजे नर्स! प्रसूतीचं काम कमी मोलाचं आहे असं माझं म्हणणं नाही. पण हृदयाच्या डॉक्टरांना कुणी सहा महिने हाडांच्या विभागात पाठवत नाही.

रुग्णाचा कैवार घेणं हेही याच कामात येतं. टाइप १ मधुमेहाची, म्हणजे रोज इन्सुलिन घ्यावंच लागणारी, सातवीतली एक मुलगी साखर उतरू लागल्यावर वर्गात बिस्किट खाल्लं म्हणून बाहेर उभी राहिली होती. ड्यूटी संपवून मी तिच्या मुख्याध्यापकांकडे गेले. अशा मुलांना परीक्षेतही साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवू देण्याची मुभा सीबीएसईने २०१७ मध्ये दिली, ते परिपत्रक पुढे ठेवलं. "आमचं बोर्ड वेगळं आहे," ते म्हणाले. मुलीला चक्कर बोर्ड विचारून येत नाही, हे पटवायला मला तीन फेऱ्या घालाव्या लागल्या.

देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असा आयसीएमआरच्या पाहणीचा २०२३ मधला अंदाज. निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मधुमेह शिकवणारी एक परिचारिका पक्क्या पदावर हवी. तिची बदली होऊ नये, आणि तिची वही कुणीतरी वाचावी.

तोवर आपल्याकडे एक मागणं. पुढच्या वर्षी खिरीच्या जागी दोन सिरिंजचं छायाचित्र शेजारी शेजारी छापा, आणि तेवढं पान रंगीत ठेवा. काळ्या-पांढऱ्यात लाल आणि केशरी सारखंच दिसतं.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका, जि. सातारा