घोड्यांवर लिहून पोट भरतं का, बाबा?

आई, बाबा,

फोनवर मुद्द्याचं काढलं की बाबा लगेच "बरं ठेव आता, बिल वाढायलंय" म्हणतात (बाबा, आता बिल नसतं, रिचार्ज असतो, तीनदा सांगितलं), म्हणून हे लिहायलेय. आई, तूच वाचून दाखव, त्यांना चष्मा सापडेपर्यंत दिवाळी येईल.

तर नोकरी मी सोडली नाही, ते आधी ऐका. कंपनीला सांगून आठवड्याचे तीनच दिवस ठेवलेत, पगार निम्म्यावर आला, पण आठ महिने निघतील एवढे पैसे बाजूला आहेत आणि कर्ज एक रुपयाचं काढणार नाही. उरलेल्या दिवसांत घोडेवाल्यांसाठी लिहायचं आणि माहिती काढून द्यायची, हा धंदा. विकायच्या घोड्याचं नीट वर्णन, वंशावळ, घेणाऱ्यासाठी तपासणीची यादी, स्टड फार्मच्या, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्यांच्या, वेबसाइटचा मजकूर, असं सगळं.

बाबा म्हणाले, घोडे राहिले कुठं? खरंय तुमचं. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे-तट्टू होते, 2019 ला साडेतीन लाखसुद्धा भरले नाहीत. पण कमी झाले ते टांग्याचे, ओझ्याचे. हौसेचा मारवाडी, काठियावाडी घोडा आज लाखांत जातो, माळेगावच्या यात्रेतल्या घोडेबाजारात तुम्हीच तर बघता की. आणि एवढ्या लाखांचा सौदा कशावर होतो? रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा, आणि दलालाच्या जबानीवर.

इथं पुण्यात उलटं आहे. शर्यतीच्या घोड्यांचं स्टड बुक इथंच ठेवतात, प्रत्येक शिंगराचे आईबाप कागदावर. इंग्रजांनी 1791 पासून असली पुस्तकं छापलीत, त्यामुळे आजचा शर्यतीचा कुठलाबी घोडा धरा, बापाकडून मागं मागं गेलं की तीनच घोड्यांपाशी पोचतो. आणि आपल्याकडं विचारलं की "अमक्या पाटलाच्या घोड्याची अवलाद हाय," बास. आता मारवाडीची नोंदणी व्हायलीय, ओळखीसाठी चिप बसवतात, पण बाजारात उभ्या असलेल्या किती घोड्यांचा कागद मालकाच्या खिशात असतो? ती मधली जागा माझी. परवा एकानं आपल्या घोडीची माहिती लिहून घेतली, अडीच हजार दिले, आणि वर म्हणाला ताई तुम्हाला पंचकल्याण कसं कळलं! म्हटलं चार पाय पांढरे अन् तोंडावर पट्टा, हे आमच्या घरी पोराला पाढ्यांच्या आधी शिकवतात.

आता आपल्या चांदणी घोडीचं. रागावू नका बाबा. सहा वर्षांची म्हणून तुम्ही आणली आणि परभणीच्या डॉक्टरांनी तोंड उघडून पंधरा सांगितली, त्या दिवसापासून तुम्ही तो विषय घरात काढू दिला नाही. पण यात लाज कसली? पाच वर्षांपर्यंत पुढचे सगळे पक्के दात येऊन जातात, त्यापुढं नुसते दात मोजून काही कळत नाही, झीज बघावी लागते. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक खाच दिसायला लागते आणि पंधराला ती अर्ध्या दातापर्यंत उतरते, डॉक्टरांनी तीच बघितली. आजोबांना हे माहीत होतं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण कुठं लिहिलेलंच नव्हतं. मराठीत माझी पहिली पुस्तिका काढली तर ती यावरच काढणार, त्यात तुमचं नाव नाही, गावाचं नाही, दलालाचंबी नाही.

दुसरी पुस्तिका पोटशुळावर. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं वरून निघायची वाटच नाही, हे साधं कारण माहीत नसतं म्हणून लोक काढा पाजत बसतात आणि डॉक्टर उशिरा येतो. तिसरी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गाच्या रोगावर, तो तर माणसालाही होतो, आणि रक्ताच्या नमुन्यावरून हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात रोग पक्का झाला की घोडा मारावाच लागतो, म्हणून मालक लपवतात. हे मी एकटी लिहिणार नाही, पशुवैद्यकीय कॉलेजातल्या माणसांकडून तपासून घेईन, तिथं चुकून चालत नाही.

आई, तुझा प्रश्न मला माहितीय, "लग्नाचं काय?" घोडे आधी बघू, नवरदेव त्यावरच बसून येईल.

एक काम आहे. आजोबांची ती लाल कापडाची चोपडी, माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असंल, त्यात टांग्याच्या हिशोबाच्या मागं घोड्या कधी भरवल्या, कधी व्याल्या ते लिहिलंय. मला ती पाहिजे. पोस्टानं पाठवू नका, मी मार्गशीर्षात यात्रेला येतेच आहे, तेव्हा बाबांनी माझ्यासोबत माळेगावच्या घोडेबाजारात दोन दिवस थांबायचं. लोक मला दात दाखवणार नाहीत, पोरगी बघून हसतील. तुम्ही तोंड उघडायला लावा, मी लिहून घेते. दिवसाचे पाचशे देईन, जेवण वेगळं.

तुमची,
पिंकी