जर्नल भरले, बोलणे राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅम्पस मुलाखतींविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. सोलापूरची अभियांत्रिकीची मुले इंग्रजी बोलण्यात अडखळतात हे खरे. परंतु त्याचे खापर मराठी शाळांवर आणि घरच्या तेलुगू-कन्नडवर फोडलेले मला अजिबात पटले नाही.

माझा मुलगा शेवटच्या वर्षाला आहे. आमचे घर पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी, आणि त्याचा प्रकल्पही मागाचाच. ताण्याचा, म्हणजे कापडातला उभा, धागा तुटला की त्यावर लटकणारी धातूची पट्टी खाली पडते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि माग थांबतो. त्याच क्षणी मालकाच्या मोबाइलवर संदेश जावा, अशी जोड त्याने दिली आहे. हे सारे तो कामगारांना तेलुगूत आणि मित्रांना मराठीत सहज समजावतो. मुलाखतीत नेमके हेच विचारले गेले. प्रश्न समजला होता, उत्तर येत होते, तरी पाठ केलेली दोन वाक्ये म्हणून तो गप्प झाला आणि घरी येऊन जेवलासुद्धा नाही.

पहिल्या वर्षी त्यांना संभाषण कौशल्याचे प्रात्यक्षिक होते. दोन तास आणि वीस मुलांची तुकडी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला फार तर सहा मिनिटे. तीही जर्नल उतरवून काढण्यात गेली. पुढची दोन वर्षे काहीच नाही. शेवटच्या वर्षी सभागृहात सर्व शाखांना एकत्र बसवून पाच दिवसांचे प्रशिक्षण झाले, त्यात प्रशिक्षकच बोलत राहिले. त्याचे शुल्क मात्र आमच्याकडून आगाऊ घेण्यात आले आणि मागूनही पावती मिळाली नाही.

विषय मराठीतून समजावून देण्यास माझी मुळीच हरकत नाही, त्यानेच मुलांना विषय कळतो. परंतु दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर विद्यार्थ्याने आपण काय केले ते तीन मिनिटे इंग्रजीत सांगावे, मोडकेतोडके का असेना, आणि शिक्षकांनी चुका दाखवण्यासाठी त्याला मध्येच थांबवू नये, एवढे तरी महाविद्यालयांनी करावे. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही की बाहेरचा प्रशिक्षकही लागत नाही.

पुढच्या महिन्यात मुलाची पुण्याला दुसरी मुलाखत आहे. सध्या तो रोज रात्री मागापाशी उभा राहून आपला प्रकल्प मला इंग्रजीत सांगतो. मला इंग्रजी येत नाही, म्हणून त्याची चूक मी सुधारू शकत नाही.

आपला,
एक पालक, पूर्व भाग, सोलापूर